कारखान्यावर ऐकलेलं इटालियन गाणं

टेम्पोवाला इंजिन चालू ठेवून थांबला होता. सामान चढलं होतं, दोरी आवळून झाली होती. नगरच्या आमच्या गल्लीतल्या बायका दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या आणि त्यातल्या काही पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी पुढच्या सीटवर, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन बसले होते. ड्रायव्हर माझ्याकडे वळून म्हणाला, "रडून घ्या बाई. घाई न्हाई आपल्याला. थांबतो मी."

मी म्हटलं, "चला."

त्याने एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नाइलाजाने गिअर टाकला. त्याला वाटलं असेल, काय दगड आहे ही बाई. मी मात्र गॅसचा रेग्युलेटर कुठल्या डब्यात ठेवला ते आठवत होते. तो पिठाच्या डब्यात निघाला. पिठाच्या डब्यात रेग्युलेटर ठेवणारी बाई मी नव्हे, पण त्या दिवसांत मी बऱ्याच गोष्टी अशा ठेवल्या होत्या.

लीना, योनास, हे लिहायला बसले ते लीनाच्या प्रश्नामुळे. मागे फोनवर तिने तिच्या मराठीत विचारलं, "आजी, तू का नाही येते?" मी म्हणाले, "बघू हं." हे काही उत्तर नव्हे. मी आयुष्यभर वर्गात सांगत आले की प्रश्नाचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं. तेव्हा हे माझं पूर्ण वाक्यातलं उत्तर. जरा लांबलं आहे.

हे इंग्रजीत लिहिता आलं असतं. मी इंग्रजीत शिकले, इंग्रजी शिकवलं. पण इंग्रजीत मी आजवर लिहिले ते अर्ज, प्रगतिपुस्तकातले शेरे आणि निरोप समारंभाची भाषणं. त्या भाषेत मला घरातलं बोलता येत नाही. बाबाकडून वाचून घ्या. तो मध्ये कुठे थांबला, तर त्याला थांबू द्या.

तुमचा बाबा, म्हणजे माझा विनू, नगरहून गेला तेव्हा असा टेम्पो वगैरे नव्हता. एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. त्याची औद्योगिक वसाहतीतली कंपनी त्याला मशीन शिकायला जर्मनीला पाठवत होती, सहा महिन्यांसाठी. तुमचे आजोबा, ज्यांना विनू आणि सुनीता पपा म्हणत, ते खिडकीखाली उभे राहून सूचना देत होते. थंडीची बनियन आतून घाल. पासपोर्ट पँटच्या खिशात नको. आणि गाडी हलता हलता त्यांचं नेहमीचं वाक्य: "गाणं रविवारी. सोमवारी ऑफिस."

पपा जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते आणि रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये बेस, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, गायचे. नगरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत ज्याला सूर लागतो तो क्वायरमध्ये जातोच, त्यात कौतुकाचं काही नाही. विनू पण त्यांच्या शेजारी उभा राहून बेस गायचा. नाताळात घरोघरी गात हिंडायचा, घसा बसवून घ्यायचा आणि मी त्याला हळदीचं दूध द्यायचे. आमच्या घरात गाण्याची जागा तेवढीच होती. रविवार, नाताळ आणि एखादं लग्न.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. मग कळलं की विनू तिथल्या एका चर्चमध्ये गायला, तिथे एका म्हाताऱ्या गायकाने त्याला ऐकलं आणि शिकवायला घेतलं. आणखी काही दिवसांनी कळलं की त्याने नोकरी सोडली. आता तो ऑपेरात गाणार होता. पपांनी तो फोन उभ्यानेच घेतला. ठेवल्यावर म्हणाले, "इटालियनमध्ये गाणार म्हणे. जर्मनीत राहून. इंजिनिअर असून." या तिन्हींपैकी कशाचा त्यांना जास्त त्रास झाला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

विनूने एकदा कॅसेट पाठवली होती. तो तेव्हा कोरसमध्ये होता, म्हणजे पुष्कळ माणसं एकदम गातात त्यातला एक. पपा टेपरेकॉर्डरला कान लावून बसायचे आणि मध्येच बोट वर करायचे. "हा. हा बघ, विनू." मला काहीही वेगळं ऐकू यायचं नाही. मी "हो" म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात पपा गेले. सकाळी दाढी करता करता खुर्चीतच. एका गालाची दाढी झाली होती, एका गालाला साबण होता. मी तो साबण पुसला. अर्धी दाढी चर्चमधल्या एका भावाने करून दिली. हे सगळं मी नीट पाहिलं. कोणाला फोन करायचा, दफनाचे कपडे कोणते, पाळकसाहेबांना काय सांगायचं, सगळं मीच केलं. माझी सगळ्यांनी तारीफ केली.

उन्हाळ्यात थांबता येत नाही. विनू पोहोचला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. तो कबरीजवळ बसून खूप रडला. घरी आला की जेवताना, चहा पिताना माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. शेवटी एकदा म्हणाला, "आई, तू रडलीच नाहीस." मी म्हटलं, "भात घेऊ का अजून?" रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी त्याला गायचा आग्रह केला. तो पुढे जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. तसाच परत येऊन बसला. मुलांनो, इतकी वर्षं झाली, तुमचा बाबा तिकडे जाऊन खरोखर कसं गातो, ते आमच्यापैकी कोणीच ऐकलं नव्हतं, ते असं.

तो परत गेल्यावर गल्लीतल्या बायका रोज दुपारी यायला लागल्या. मायेनेच येत होत्या. "मन मोकळं करा बाई. आत कोंडून ठेवू नका." मी चहा ठेवायचे. त्या माझ्याकडे बघायच्या, मी दुधाकडे बघायचे. आत काही कोंडलेलं असेल तर ते मलाही सापडत नव्हतं. सुनीता, तुमची आत्या, म्हणाली, "आई, तू आमच्याकडे चल." मी सहा-सात महिने 'बघू' म्हणत काढले, आणि मग तो टेम्पो आला.

सुनीताचे यजमान प्रकाशराव श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. राहायला कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर. मी आले तेव्हा गाळप जोरात होतं. रात्रंदिवस एकच घरघर, जमिनीतून येते तशी. हवेला मळीचा गोड आंबूस वास. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर संध्याकाळपर्यंत चिमणीच्या काजळीचे ठिपके. नगरला असते तर मी वैतागले असते. इथे मी साड्या आत, पंख्याखाली वाळत घालायला लागले आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर मला ते आवडलं. कॉलनीत पपांना कोणी पाहिलं नव्हतं. मी फक्त 'चीफ केमिस्टसाहेबांच्या सासूबाई'. त्या घरघरीत कोणी कोणाला खोलात जाऊन काही विचारत नाही, कारण उत्तर ऐकू येत नाही. शेजारच्या कांताबाई तर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, तुमी इंग्लिश शिकवायच्या व्हय? मग आमच्या नातीला जरा हाणा की. लई माजलीय." मला बरं वाटलं. कोणी तरी माझ्याकडे काम घेऊन आलं होतं.

आणि तेव्हाच विनूचा फोन यायला लागला. "आई, इकडे ये. कायमची ये. वरची खोली तुझी. मुलं वाट बघतायत." दर रविवारी तेच. मी नाही म्हणायचे, तो का म्हणून विचारायचा, मला सांगता यायचं नाही. एके रविवारी तो म्हणाला, "बरं, एक कर. माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम आहे, इटालियन आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची गाणी. इथलं रेडिओ स्टेशन तो इंटरनेटवर सोडणार आहे. कारखान्यात कॉम्प्युटर आहे ना? तू एकदा मला ऐक. मी काय करतो ते ऐक, आणि मग उत्तर दे. नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही."

विनू शब्दाचा पक्का आहे. पुन्हा विचारणार नाही म्हणजे नाहीच. तेव्हा त्या रविवारी काय ठरायचं आहे हे मला ठाऊक होतं. मी मनाशी हिशेब सरळ ठेवला. त्याचं गाणं ऐकून आत काही हललं, तर जावं. नाही हललं, तर जाऊन काय करायचं? त्यांच्या घरात एक बाई वाढेल, एवढंच.

कार्यक्रम त्यांच्याकडे सकाळी होता, म्हणजे आपल्याकडे दुपार टळल्यावर. विनूने प्रकाशरावांना ई-मेल पाठवला होता, त्यात लिहिलं होतं की कार्यक्रमात तो आणि त्याचे सर, दोघं गाणार आहेत. सर म्हणजे तेच, ज्यांनी त्याला शिकवायला घेतलं ते. ते आता म्हाताऱ्या वयात क्वचितच गातात, केवळ विनूसाठी आले होते. सुनीता म्हणाली, "म्हणजे आधी विनू, शेवटी सर." त्यावर कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आपल्याकडे कुठल्याही मैफलीत शिष्य आधी गातो आणि गुरू शेवटी. गुरूच्या नंतर शिष्य तोंड उघडतो का? क्वायरमध्येही तेच, चर्चच्या कार्यक्रमातही तेच.

रविवारी ऑफिस रिकामं होतं. कॉम्प्युटर विभागाचे शेखसाहेब सुटी असून आमच्यासाठी आले होते. त्या एकाच खोलीत एसी, त्यामुळे चपला बाहेर. मी मधल्या खुर्चीवर, शेजारी सुनीता, मागे प्रकाशराव उभे. कांताबाईही आल्या होत्या. "बाईंचा ल्योक परदेशात गातोय, आन् मी घरी बसू?" त्यांनी चपलांबरोबर पिशवीही बाहेर ठेवली, कॉम्प्युटरला काही होऊ नये म्हणून.

शेखसाहेबांनी मोडेम लावला. पुण्याचा नंबर फिरला, मग ती किरकिर, शिट्ट्या.

"ह्येच गानं का?" कांताबाई.

"नाही मावशी, लाइन लागतेय," शेखसाहेब म्हणाले. "गाणं याच्यापेक्षा बरं असेल, इन्शाल्ला."

पडद्यावर नुसती एक पट्टी सरकत होती. मग एक माणूस जर्मनमध्ये भराभर काही बोलला, कुठे तरी पाणी सांडल्यासारख्या टाळ्या वाजल्या आणि पियानो सुरू झाला. आणि मग आवाज आला.

तो आवाज मोठा होता, जाड होता, एखाद्या हौदात उभं राहून गावं तसा. मध्येच तुटायचा, पट्टी थांबायची, पुन्हा सुरू व्हायचा. सुनीताने पहिल्याच ओळीला माझं मनगट धरलं. "विनू! आई, विनूच गं!" तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. प्रकाशराव मागून म्हणाले, "आवाज पिकलाय हं आता. केवढा खाली गेलाय." कांताबाई पुढे वाकून ऐकत होत्या. "ह्यो रडतोय का गातोय?"

सुनीता नाक पुसत म्हणाली, "तसंच असतं ते. त्याच्या आवाजाला बॅरिटोन म्हणतात. विनू म्हणतो, त्यांच्या वाट्याला बाप नाही तर खलनायक येतात. हिरोईन दुसऱ्यालाच मिळते."

"म्हंजे आमच्या मालकावानीच की. समद्यांचा बाप, आन् मिळत काय बी न्हाई."

शेखसाहेब तोंडावर हात ठेवून हसले. दुसऱ्या गाण्याच्या ऐन भरात चारच्या शिफ्टचा भोंगा झाला आणि तो थांबेपर्यंत इटली पूर्ण बुडून गेली. तिसऱ्या गाण्याला सुनीता हुंदके द्यायला लागली. कांताबाईंनीही पदर डोळ्याला लावला, त्या तिच्याकडे बघून रडत होत्या.

आणि मी ऐकत होते. मन लावून ऐकत होते, कारण मला उत्तर द्यायचं होतं. हा माझा मुलगा गातोय, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. त्याचा नाताळातला बसलेला घसा आठवून पाहिला, हळदीचं दूध आठवून पाहिलं. काही झालं नाही. एसीतून एक थेंब ठरावीक वेळाने खाली बादलीत पडत होता, तो मला गाण्याइतकाच स्पष्ट ऐकू येत होता. मी स्वतःला म्हटलं, संपलं. पपांबरोबर तेही गेलं. आता कोणी काही गावं, कोणी काही म्हणावं, इथे काही हलायचं नाही. याचं मला वाईटही वाटलं नाही, हे मी नीट लक्षात ठेवलं.

पुष्कळ टाळ्या झाल्या. तो जर्मन माणूस पुन्हा बोलला. मग नुसती कुजबुज, खुर्च्या सरकल्याचे आवाज, आणि लाइन तुटली. शेखसाहेबांनी पुन्हा नंबर फिरवला, एंगेज. पुन्हा फिरवला, एंगेज.

"आता सर गातील," सुनीता म्हणाली.

मी म्हटलं, "त्यांचंही ऐकायला हवं. उठून जाणं बरं दिसत नाही."

"दिसतंय कोणाला आई," प्रकाशराव म्हणाले. "आपण उठलो ते त्यांना जर्मनीत कळणार आहे का? विनूचं झालं ना. शेखसाहेब, राहू द्या. सुटीच्या दिवशी तुम्हाला किती अडकवायचं. चला, घरी चहा आहे."

घरी चहा झाला, भजी झाली. सुनीता प्रत्येक गाण्याबद्दल बोलत होती. अंधार पडायच्या सुमाराला फोन वाजला. तिनेच उचलला. "विनू! अरे, काय गायलास! पहिलं गाणं सुरू झालं ना, मला आवरेचना. आम्ही सगळे रडलो. कांताबाईसुद्धा... काय? हो, पहिलं... पियानोनंतर लगेच... हो, मध्यंतरापर्यंत. मग लाइनच गेली."

मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. तिचा चेहरा उतरत गेला. तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

विनू म्हणाला, "आई, ते सर होते. सर आधी गायले. त्यांना आता लांब प्रवास झेपत नाही, आवाज सकाळी बरा लागतो, लवकर गाऊन गाडी पकडायची होती त्यांना. मी मध्यंतरानंतर गायलो." मग त्याने विचारलं, "तू पण रडलीस?"

मी म्हटलं, "नाही. मला काहीच वाटलं नाही."

आणि मग मला कळलं की विनू रडतोय. "तू ओळखलंस," तो म्हणाला. "सगळे म्हणाले मी, आणि तुला एकटीला कळलं की तो मी नाही. आई, आता तरी ये. हे उत्तरच झालं ना."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण त्याचा स्वर असा झाला होता, एसटीच्या खिडकीतून हात हलवताना होता तसा, की मला मध्ये तोंड घालवेना. मी म्हटलं, "मला थोडा वेळ दे."

पुढचे काही दिवस मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होते. मी ओळखलं होतं का? आईला कळतं, असं सगळे म्हणतात. कॉलनीत ती गोष्ट पसरलीही होती. कांताबाई दारादारांत सांगत होत्या, "समदी रडली, बाई न्हाई रडल्या. त्यांस्नी ठाव होतं." बायका माझ्याकडे आता जरा आदराने बघायच्या. पण मला माहीत होतं की त्या दुपारी विनू स्वतः गायला असता, तरी मी त्या थेंबाचाच आवाज ऐकला असता. किंवा नसता. हे मला खरोखरच ठरवता येत नव्हतं, आणि विनू त्याच्यावर घर बांधायला निघाला होता.

मग पार्सल आलं. त्यात तुमचे फोटो, लीनाने काढलेलं हत्तीचं चित्र (सोंड जरा आखूड झाली आहे), आणि मध्यंतरानंतरच्या कार्यक्रमाची कॅसेट. सुनीता म्हणाली, "आपण सगळे मिळून ऐकू." मी म्हटलं, नको.

तोपर्यंत कारखान्याचा हंगाम संपला होता. एके दिवशी सकाळी ती घरघर थांबली, आणि इतकी शांतता झाली की कॉलनीतली कुत्रीसुद्धा बावरल्यासारखी झाली. दुपारी सुनीता बाजाराला गेल्यावर मी खिडकी लावून कॅसेट घातली. सगळी ऐकली. एक बाजू, मग दुसरी बाजू. चांगला आवाज होता. स्वच्छ, सरांच्यापेक्षा तरुण, कुठेही घाई नाही. इटालियन मला येत नाही, पण एकेक शब्द वेगळा कळत होता, आणि असा उच्चार करणाऱ्या मुलाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण तो कोणाचा मुलगा आहे ते मला सांगता आलं नसतं. रस्त्याने जाताना एखाद्या घरातून हा आवाज आला असता, तर मी थांबून ऐकलं असतं आणि पुढे गेले असते.

कॅसेट काढून डबीत ठेवली, डबीवर नाव लिहिलं आणि कॉलनीच्या फाटकाजवळच्या बूथवर गेले. आंतरराष्ट्रीय फोन मी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः लावला. इतके दिवस फोन यायचा, मी घ्यायचे.

विनूने उचलला. मी म्हटलं, "कॅसेट ऐकली. चांगलं गायलास. पण विनू, मी ओळखलं नाही. तेव्हाही ओळखलं नव्हतं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, कारण मला आता काहीच वाटत नाही. पपा गेल्यापासून. हे तुला माहीत असावं, म्हणून फोन केला."

बूथच्या काचेवर माझाच चेहरा दिसत होता. मी तयार होते. तो दुखावेल, गप्प होईल, मग फोन ठेवेल, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे पुन्हा विचारणार नाही.

विनू म्हणाला, "आई, मी पहिल्यांदा माझं रेकॉर्डिंग ऐकलं ना, तेव्हा सरांना विचारलं, हा कोण गातोय?"

"खरं?"

"खरं. मलाच ओळखू आला नाही. तुला कसा येईल?" आणि मग, "पपांनी ओळखला असता, नाही?"

मी म्हटलं, "पपांनी कोणालाही विनू म्हटलं असतं. मध्यंतरात खुर्च्या सरकल्या, त्यातही त्यांना तू दिसला असतास."

तो हसला. आणि मी हसले. बूथवाला पेपरातून डोकं वर काढून बघायला लागला. नंतर आम्ही दोघेही गप्प राहिलो. समोर बिलाचा आकडा फिरत होता, मी तिकडे पाहिलं नाही. तो तिकडे श्वास घेत होता, मी इकडे घेत होते, आणि फोन कोणी ठेवत नव्हतं.

शेवटी तोच म्हणाला, "मग? काय उत्तर?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

संध्याकाळी कांताबाई डाळ निवडायला आमच्या ओट्यावर आल्या. त्यांचं माहेर पाथर्डीकडचं, आईवडील ऊसतोडीला यायचे. दसरा झाला की निघायचं, कारखान्यावर उसाच्या पाचटाची कोपी घालून राहायचं आणि गाळप थांबलं की परत गावाला. कांताबाई स्वतः अशाच एका कोपीत जन्मल्या. त्यांना मी सगळं सांगितलं, ओळखलं नव्हतं हेसुद्धा. त्या जरा नाराज झाल्या, कारण त्यांनी ती गोष्ट पुष्कळ लोकांना सांगून ठेवली होती. मग म्हणाल्या, "आन् कायमचं कशापायी म्हनतोय त्यो? जाऊन या की हंगामापुरतं. आमची समदी तशीच जात्यात. ऱ्हायचं, काम करायचं, परत यायचं. तिकडचं बी घर, इकडचं बी घर."

"आणि खरं घर कुठलं, कांताबाई?"

"आता बाई, तुमी शिकलेल्या," त्या डाळ पाखडत म्हणाल्या. "आमाला असलं कोन इचारतच न्हाई."

तर लीना, हे उत्तर. मी येते आहे, पण हंगामापुरती. तुमच्याकडे बर्फ वितळला की येईन आणि इथे बॉयलर पेटायच्या आधी परत येईन. कांताबाईंच्या नातीचं इंग्रजी अर्धवट सोडून मला राहता येणार नाही. सुनीताला एकटीला चहाच्या वेळी कसंसंच होतं, ती बोलत नाही. वरची खोली ठेवा, पण तिच्यात माझं सगळं सामान बसेल एवढं कपाट नको.

बाबा विचारतो, घर कुठलं ते नक्की कर. पूर्वी मी नगरचा पत्ता पिनकोडसकट सांगितला असता. त्या घरात आता दुसरी माणसं राहतात, त्यांनी दाराला हिरवा रंग दिला आहे, असं ऐकते. मला आता एवढंच सांगता येईल. मला काहीच वाटत नाही, असं मी म्हटल्यावर जिथे कोणी घाबरलं नाही, रागावलं नाही, आणि फोन ठेवला नाही, त्याला मी घर म्हणेन. ते सध्या श्रीगोंद्याला थोडं आहे आणि तुमच्याकडे थोडं आहे.

बाबाचा कार्यक्रम उन्हाळ्यात पुन्हा आहे म्हणे. त्या दिवशी मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसेन. गाणं चालू असताना माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, समोर बघायचं, बाबाकडे. संपल्यावर मला काय वाटलं ते विचारायचं नाही. काही वाटलं, तर मी आपण होऊन सांगेन. नाही वाटलं, तर आपण तिघे बाहेर जाऊन काही तरी खाऊ.